जठराचं जनुक वारेत कसं रमलं

नमस्कार श्रोतेहो.

गाय माजावर आली, रेतन झालं, की पुढचे दोन महिने घरात एकच प्रश्न असतो: ठरली का? मी पशुवैद्य आहे. खांद्यापर्यंत हातमोजा चढवून गाईचं गर्भाशय चाचपतो, तेव्हा घरची बाई माझ्या तोंडाकडे टक लावून उभी असते. "गाभण आहे" म्हटलं की आधी तिचा हात गाईच्या पाठीवरून फिरतो, बाकीचं बोलणं नंतर.

आज मात्र बोलायचंय ते बीव्हरबद्दल. युरोपातल्या नद्यांवर राहणारा, झाडं कुरतडून पाडणारा, पाण्याला बांध घालणारा हा प्राणी उंदीर-खारींच्याच गणातला. कातड्यासाठी त्याची इतकी शिकार झाली, की 1900च्या सुमारास युरोप-आशियात मिळून जेमतेम 1200 उरले होते. आता तो पोलंडसारख्या देशांत पुन्हा नांदतोय. पण त्यातला नर कोणता, मादी कोणती, हेच वरून ओळखू येत नाही. मग गाभण कोण हे कसं कळायचं? तिथे माझा हातमोजा काय कामाचा!

उत्तराची वाट आपल्या गोठ्यातूनच जाते. गाय व्याल्यावर जार पडेपर्यंत आपण जागतो. त्या जारेवरची, म्हणजे वारेवरची, लालसर बटणं तुम्ही पाहिली असतील. त्यांतल्या काही पेशींत एकाऐवजी दोन केंद्रकं असतात. या पेशी एक प्रथिन तयार करून आईच्या रक्तात सोडतात. शास्त्रज्ञ त्याला थोडक्यात पॅग म्हणतात. रेतनानंतर साधारण 28 दिवसांनी रक्तात, दुधातसुद्धा, ते सापडतं, आणि गाय गाभण असल्याचं कळतं.

मला भुरळ पडते ती या प्रथिनाच्या घराण्याची. पॅग हे पेप्सिनचं भावंड. पेप्सिन म्हणजे आपल्या जठरात डाळीतली, मटणातली प्रथिनं तोडणारा पाचक पदार्थ. फार पूर्वी तशा एका जनुकाच्या नकला होत गेल्या आणि त्यांतल्या काही वारेत कामाला लागल्या. गाईत आज अशी वीसेक जनुकं आहेत; काही गाभणपणाच्या सुरुवातीला जागी होतात, काही उशिरा. त्यांतल्या बऱ्याच प्रथिनांची तोडायची धारच गेलीय. जिथे कात्री चालायची त्या जागेजवळचं एखादं अमिनो आम्ल बदललं, तेवढ्यानं. पण दुसऱ्या प्रथिनाला धरून ठेवणारी खाच तशीच राहिली. तोडणाऱ्याचा धरणारा झाला! घरातल्या उंदराकडे पाहिलं तर हे नातं अजून उघडं दिसतं. त्याच्यात या शाखेचं एकच जनुक आहे, आणि ते नवजात पिलाच्या जठरातही चालतं, वारेतही.

पोलंडमधल्या ऑल्श्तिनच्या संशोधकांनी बीव्हरच्या वारेत शोध घेतला, आणि तिथेही याच कुळातली प्रथिनं मिळाली. हे सोपं नव्हतं. गाईची वार बटणाबटणांची, बीव्हरची थाळीसारखी. गाईचा गर्भ नऊ महिन्यांचा, बीव्हरचा साडेतीन महिन्यांचा. दोघींचे पूर्वज कोट्यवधी वर्षांपूर्वी वेगळे झाले. तरी वारेत हेच कूळ नांदतंय. शिवाय सध्याचे बहुतेक बीव्हर त्या मूठभर उरलेल्यांचे वंशज. पिलं वर्षातून एकदाच, तीही दोन-तीन. अशा प्राण्यात गर्भ टिकवण्याशी जोडलेली जनुकं एकमेकांत किती सारखी, किती वेगळी, हे पाहणं मला फार मोलाचं वाटतं.

गाई-म्हशीवाल्यांना एक सांगायचं राहिलं. व्याल्यावर आधीच्या खेपेचं पॅग रक्तात दोन-तीन महिने रेंगाळतं. त्या काळात पुन्हा रेतन करून घाईनं ही चाचणी केलीत, तर निकाल गाभण म्हणेल आणि गाय रिकामी निघेल. म्हणून व्याल्याची तारीख गोठ्याच्या भिंतीवर खडूनं लिहून ठेवा, आणि नमुना देताना डॉक्टरांना आधी ती सांगा.

नमस्कार.