नाक्याची चावी

मागे ऐकू येतंय ना? बरं. मला चाळीस मिनिटं दिली होती, त्यातली बारा सत्कारातच गेली. नारळ मात्र चांगला आहे, आत पाणी वाजतंय.

विषय शेजारी देशांच्या राजकीय-आर्थिक एकत्रीकरणाचा. असा विषय निघाला की विद्वान ब्रसेल्सला, म्हणजे युरोपीय संघाच्या मुख्यालयाला जातात. मी गोवा-महाराष्ट्र सीमेवरच्या पत्रादेवीला जातो. माझ्या आजीचं सासर गोव्यातलं पेडणे, माहेर सीमेपलीकडचं बांदा. आज स्कूटरवर पोचता पोचता गप्पासुद्धा संपत नाहीत. पण १९५५ साली गोवा पोर्तुगीजांचा, आणि मधे भारताची नाकेबंदी. आजीच्या धाकट्या भावाचं लग्न ठरलं, तिनं परवान्याचा अर्ज केला. परवाना आला लग्नानंतर आठव्या दिवशी! आजी म्हणाली, "कागद आलाय तर जाऊन येते." नाक्यावर शिपायानं बोचकं सोडायला लावलं. आत अहेराची साडी आणि हॉलंडचे बटाटे. हसू नका, नाकेबंदीत गोव्यात बटाटे खरंच हॉलंडहून यायचे आणि सिमेंट जपानहून. शिपायानं साडी सोडली, बटाटे ठेवून घेतले. बांद्यात तिच्यासाठी पुन्हा लाडू वळले, नव्या नवरीला पुन्हा शालू नेसवून पाटावर बसवली. बटाटे कुठल्या बाजूच्या शिपायानं घेतले, ते आजीनं कधीच सांगितलं नाही. दोन्हीकडच्यांना ती एकच शिवी द्यायची. ती इथे सांगण्यासारखी नाही.

तर नाके उठवा, सगळं ठीक होईल, असं मला बरीच वर्षं वाटायचं. मग १८७८चा करार वाचनात आला. इंग्रजांचा हिंदुस्थान आणि पोर्तुगीजांचा गोवा यांच्यातला जकातीचा करार. युरोपवाल्यांची सामाईक बाजारपेठ ज्यातून उभी राहिली, त्या रोमच्या कराराआधी ७९ वर्षं! सरहद्दीवरची जकात उठली. मुरगाव बंदर आणि घाट चढून कॅसलरॉकला जाणारी रेल्वे याच करारातून आली. गोव्याचा रुपयासुद्धा इंग्रजी रुपयाच्या वजनाचा, कलकत्त्याच्या टांकसाळीत पाडलेला. अजून काय हवं?

हवं होतं मीठ. मिठाचा मक्ता गेला इंग्रजांकडे, बदल्यात पोर्तुगीज सरकारला वर्षाला ४ लाख रुपये. पैसे पणजीच्या तिजोरीत, आणि मिठागरात उभा राहणारा माणूस मात्र आपलंच मीठ किती पिकवायचं हे दुसऱ्याला विचारणार. रेल्वेचा फायदा एकाला, मिठाचा फटका भलत्यालाच. १८९२ साली मुदत संपली, करार पुढे चालला नाही. माझं म्हणणं एवढंच आहे की नाका उघडला तरी चावी कुणाच्या तरी कनवटीला असतेच, आणि शेजारी मोठा असेल तर बहुधा त्याच्याच. याचे तीन पुरावे मी...

चिठ्ठी आली. पाच मिनिटं. मग पळतो.

युरोप. १९५१ साली सहा देशांनी कोळसा आणि पोलाद एकत्र आणलं, कारण त्यावरच लढाया व्हायच्या. तिथे पुन्हा युद्ध झालं नाही, हा फायदा लहान नव्हे. पोर्तुगाल १९८६ साली आत गेला, म्हणून तर आपली गोव्याची पोरं पोर्तुगीज पासपोर्टवर इंग्लंडातल्या स्विंडनला पोचली. २०१६ साली इंग्रजांनी बाहेर पडायचा कौल दिला, आणि मग नव्या पोरांना तो दरवाजा बंद. ग्रीस २०१० साली कर्जात बुडाला; स्वतःचं चलन असतं तर त्याचा भाव उतरवला असता, पण चलन युरो.

आपल्याकडे सार्क, म्हणजे दक्षिण आशियाई देशांची संघटना, १९८५ची, शिखर परिषद शेवटची झाली २०१४ साली काठमांडूला. सदस्य देशांचा आपापसातला व्यापार एकूण व्यापाराच्या पाच टक्क्यांच्या आसपास. खरं एकत्रीकरण भारत-नेपाळचं. सीमा खुली, नेपाळी रुपया १९९३पासून आपल्या रुपयाला १.६० दराने बांधलेला. पण २०१५ साली सीमेवरच्या रक्सौलचा रस्ता अडला आणि काठमांडूत गॅस मिळेना. तिथे हॉलंडचे बटाटेही पोचत नाहीत.

दुसरी चिठ्ठी. "१९६७च्या जनमत कौलाबद्दल बोला." म्हणजे मला सुखरूप घरी जाऊ द्यायचं नाही! गोव्याचं महाराष्ट्रात विलीनीकरण ३४,०२१ मतांनी हरलं, एवढंच सांगतो. आमच्या घरातून फुलाला, म्हणजे विलीनीकरणाला, तीन मतं पडली, दोन पानांना, म्हणजे वेगळं राहण्याला, एक. ते एक कुणाचं, आजीनं हेही कधी सांगितलं नाही.