पडलेला दात आणि पेलाभर दूध

श्रोतेहो, नमस्कार. तोंडाच्या आणि जबड्याच्या दुखापतींवर जगभर संशोधन होतं. त्यातलं बरंचसं आम्हा दंतवैद्यांच्या कामाचं. पण एक गोष्ट थेट तुमच्या स्वयंपाकघरातली आहे, ती आज सांगतो.

सदाशिव पेठेत एक अमृततुल्य आहे. रविवारची सकाळ. त्याच्यासमोर दहा-अकरा वर्षांचा एक मुलगा सायकलवरून घसरला आणि फूटपाथच्या कडेवर तोंडावर आपटला. वरचा पुढचा दात मुळासकट रस्त्यावर! गर्दी जमली, आणि पुण्यात गर्दी जमली की सल्ले आलेच. एक म्हणे डेटॉलने धुवा, दुसरा म्हणे रुमालात गुंडाळा, तिसऱ्याने तर ब्रशने घासायला सांगितलं. मालकांनी मात्र गाळणी बाजूला ठेवली. त्यांच्याकडे रोज चहाला येणाऱ्या दंतमहाविद्यालयाच्या पोरांनी कधीतरी सांगितलं होतं, ते त्यांच्या डोक्यात पक्कं बसलेलं. पिशवीतलं गार दूध पेल्यात ओतलं, दात चिमटीत धरून आत सोडला, वर बशी झाकली आणि पेला वडिलांच्या हातात दिला.

बापलेक रिक्षाने आले. आमच्या काउंटरवरच्या बाईंना वाटलं, डॉक्टरांचा चहा आला. त्यांनी पेला माझ्या टेबलावर आणून ठेवला! मी बशी उचलली, तर दुधाच्या तळाशी दात.

तो सलाइनने धुतला, जागेवर बसवला, बारीक तारेने शेजारच्या दातांना दोन आठवडे बांधून ठेवला, पुढे रूट कॅनाल केलं. मुलगा आता कॉलेजात आहे आणि त्याच दाताने कणसं सोलून काढतो. मालकांनी दुधाचे पैसे घेतले नाहीत. पेला-बशी मात्र दुसऱ्या दिवशी माणूस पाठवून नेली.

दूधच का? मुळावर जिवंत पेशींचं नाजूक आवरण असतं. हवेत ते वाळून मरतं, साध्या पाण्यात पेशी फुगून फुटतात. दुधातल्या क्षारांचं प्रमाण शरीराला जवळचं, म्हणून तिथे त्या काही तास तग धरतात. कोपनहेगनच्या आंद्रेआसेन यांनी १९६६ साली असे परत बसवलेले ११० दात तपासून मांडले. अर्ध्या तासाच्या आत बसवलेल्यांपैकी ९० टक्के दातांची मुळं दोन वर्षांनंतरही झिजलेली नव्हती. दोन तासांहून उशिरा बसवलेल्यांपैकी ९५ टक्क्यांची झिजली होती.

तेव्हा पुन्हा सांगतो. दात वरच्या पांढऱ्या भागाला धरा, मुळाला हात नको. घासू नका. मूल शुद्धीवर असेल आणि जमलं, तर दात तिथेच खाचेत बसवून रुमाल चावायला द्या. नाहीतर गार दूध आणि तडक दवाखाना. पुन्हा सांगतो, मुळाला हात नको.

आता विषय निघालाच आहे तर, डोक्यावर वाटी पालथी घातल्यासारखी ती अर्धी हेल्मेटं कृपा करून टाकून द्या. पोलिसाला दाखवायला ती ठीक, जबडा उघडाच राहतो आणि तो जोडायला मग आम्ही प्लेटा आणि स्क्रू घेऊन बसतो.

आणि हो, पडलेला दात दुधाचा असेल, तर तो परत बसवायचा नाही. खाली येणाऱ्या पक्क्या दाताला इजा होते. मुलाला दंतवैद्याकडे दाखवून आणा आणि तो दात आजीच्या हाती द्या, ती खुशाल कौलावर टाकेल.