जमा झालेले पैसे परत जातात तेव्हा

[पडद्यावर तारीख : 12 ऑक्टोबर 2009. खाली दोन आकडे : 5,050 बिटकॉइन. 5 डॉलर 2 सेंट.]

मार्टी माल्मी हा हेलसिंकीमधला एक विद्यार्थी. बिटकॉइनचा जनक सातोशी नाकामोतो याच्याबरोबर त्याच्या सॉफ्टवेअरवर काम करणाऱ्या अगदी पहिल्या मंडळींपैकी एक. स्वतःच्या संगणकावर तयार केलेली 5,050 नाणी त्यानं ‘न्यू लिबर्टी स्टँडर्ड’ या नावानं वावरणाऱ्या माणसाला विकली. मिळाले 5 डॉलर 2 सेंट. बिटकॉइन देऊन डॉलर घेतल्याचा, आज माहीत असलेला हा सर्वांत जुना व्यवहार.

ती नाणी त्यानं ठेवली असती तर आज किती झाले असते, हा हिशेब सगळेच करतात. आपण तो सोडून देऊ. बघायचंय ते त्या पाच डॉलरकडे, कारण ते पेपॅलवरून, म्हणजे इंटरनेटवरून पैसे पाठवायच्या सेवेवरून, आले होते.

बिटकॉइन कशासाठी काढलं, ते सातोशीनं वर्षभर आधीच, 31 ऑक्टोबर 2008 च्या लेखात, पहिल्याच पानावर सांगितलं होतं. बँक किंवा कार्ड कंपनी मध्ये असली की भांडण मिटवणं तिच्याकडे येतं. भांडण मिटवायचं तर दिलेले पैसे परत फिरवण्याची सोय ठेवावी लागते. आणि ती सोय आहे म्हटल्यावर विक्रेत्याला प्रत्येक गिऱ्हाइकाकडे संशयानं बघावं लागतं, नको तितकी माहिती मागावी लागते. म्हणून त्याला हवा होता असा पैसा, जो एकदा दिला की दिला.

तसा पैसा तयार झाला. आणि त्याची पहिली विक्री झाली ती परत फिरवता येणाऱ्या पैशांत!

त्या व्यवहारात कोणी कोणाला फसवलं नाही. पाच डॉलरसाठी फसवणार तरी कोण? ‘न्यू लिबर्टी स्टँडर्ड’नं आठवडाभर आधी जाहीर केलेला पहिला भाव होता डॉलरला 1,309 बिटकॉइन, आणि तोही काढला होता नाणी तयार करायला लागणाऱ्या विजेच्या खर्चावरून. सगळा हौशी मंडळींचा कारभार होता.

[पडद्यावर : बिटकॉइनचा भाव. मार्च 2010 ते जून 2011.]

मार्च 2010 मध्ये ‘बिटकॉइन मार्केट’ नावाचा बाजार सुरू झाला. तिथं खरेदी-विक्री करणारे पैसे द्यायचे पेपॅलवरून. जुलैमध्ये जेड मॅकॅलेबचं ‘माउंट गॉक्स’ आलं, तेही आधी पेपॅलवरच. दुसरं होतं काय? बँकेतून परदेशी पैसे पाठवायला दिवस लागत, शुल्क भरमसाट. पेपॅल मात्र घरोघरी होतं.

मग भाव चढला. 2011 च्या एप्रिलमध्ये एका बिटकॉइनला एक डॉलरच्या आसपास मिळत होता. जूनच्या सुरुवातीला तो तीस डॉलरच्या पुढे गेला. आता फसवणं परवडू लागलं.

ही फसवणूक दोन प्रकारची असते. पहिल्या प्रकारात खरेदीदार नाणी घेतो आणि पेपॅलला कळवतो, ‘वस्तू मिळालीच नाही.’ पेपॅल विक्रेत्याला विचारतं, पाठवल्याचा पुरावा दाखवा. पुरावा म्हणजे कुरिअरची पावती, पार्सलचा क्रमांक. विक्रेत्यांना तेव्हा मिळणारं संरक्षण होतं हातात धरता येणाऱ्या वस्तूंसाठी. बिटकॉइनला कसलं पार्सल! बिटकॉइनच्या खातेवहीत तो व्यवहार साऱ्या जगाला दिसतो, हे खरं. पण दिसतं इतकंच की नाणी या पत्त्यावरून त्या पत्त्यावर गेली. तो पत्ता कोणाचा, हे त्यात लिहिलेलं नसतं. पैसे खरेदीदाराच्या खात्यात परत जातात आणि नाणीही त्याच्याकडेच राहतात.

दुसरा प्रकार यापेक्षा वाईट आहे, आणि माझ्या मते या सगळ्या गोष्टीचा गाभाही तोच आहे. इथं खरेदीदार कसलीच तक्रार करत नाही. त्यानं दुसऱ्या कोणाचं तरी पेपॅल खातं हॅक केलेलं असतं, किंवा चोरलेल्या कार्डावरून पैसे भरलेले असतात. नाणी मिळताच तो हातावर तुरी देऊन पसार होतो. आठवड्यानं, महिन्यानं खात्याचा खरा मालक हिशेब बघतो आणि दचकतो. तो तक्रार करतो, आणि त्याची तक्रार शंभर टक्के खरी असते. हे पैसे त्याचे, ते त्याला परत मिळालेच पाहिजेत. अमेरिकेत 1970 पासून कायदाच आहे : कोणी तुमचं क्रेडिट कार्ड परस्पर वापरलं तर तुमच्यावर फार तर 50 डॉलरचा भार येतो. हा नियम चुकीचा आहे असं कोण म्हणेल?

विक्रेता हरतो तो अशा वेळी एका प्रामाणिक माणसापुढे. त्यानं बाजू मांडायची तरी कोणापुढे? ज्यानं चोरी केली तो त्या भांडणात पक्षकारच नसतो.

चोरांना बिटकॉइन आवडलं ते याचमुळे. चोरीच्या कार्डावरून टीव्ही मागवला तर तो कुठल्या तरी पत्त्यावर उतरवून घ्यावा लागतो, मग विकावा लागतो. बिटकॉइनचा एक ब्लॉक, म्हणजे खातेवहीचं एक पान, सरासरी दहा मिनिटांत होतो. सहा ब्लॉक झाले की व्यवहार पक्का मानायची पद्धत आहे. म्हणजे साधारण तासाभरात माल कायमचा हाती. पेपॅलवर तक्रार करायला मात्र आजच्या नियमांप्रमाणे 180 दिवस मिळतात.

जून 2011 मध्ये बिटकॉइन मार्केटनं पेपॅल बंद केलं. कारण होतं फसवणुकीचं वाढलेलं प्रमाण. माउंट गॉक्सचा पेपॅलशी संबंध त्याआधीच, ऑक्टोबर 2010 मध्ये तुटला होता. त्यांनी धरलं ‘लिबर्टी रिझर्व्ह’, कोस्टा रिकातली कंपनी. तिथले पैसे परत फिरत नसत. अर्थात, ते कोणाचे आहेत हेही तिथं फारसं कोणी विचारत नसे. मे 2013 मध्ये अमेरिकी सरकारनं मनी लाँडरिंगच्या आरोपाखाली ती कंपनीच बंद पाडली. आगीतून उठून फुफाट्यात!

यावर उपाय म्हणून एस्क्रो आलं. हेलसिंकीमध्येच 2012 साली सुरू झालेल्या लोकलबिटकॉइन्स या खरेदी-विक्रीच्या वेबसाइटनं ते रुळवलं. विक्रेत्याची नाणी मधल्या मध्ये अडकवून ठेवायची, पैसे पोचल्याचं त्यानं सांगितलं की सोडायची. पण हे कुलूप कोणासाठी आहे ते बघा. विक्रेता पैसे घेऊन पळाला तर खरेदीदार वाचतो. पैसे पोचले, विक्रेत्यानं नाणी सोडली आणि तीन आठवड्यांनी पैसे परत गेले, तर एस्क्रोत काहीच उरलेलं नसतं. पेपॅल घेणारे विक्रेते तिथं चढा भाव लावत. खरेदीदारांना ती लूट वाटायची. माझ्या लेखी तो विम्याचा हप्ता होता, आणि तो प्रामाणिक गिऱ्हाइकांच्या खिशातून जायचा.

[पडद्यावर : ऑक्टोबर 2020.]

पुढे पेपॅलनं स्वतःच अमेरिकेत बिटकॉइन विकायला सुरुवात केली. पण घेतलेली नाणी पेपॅलच्या बाहेर नेता येत नव्हती. ती मुभा मिळाली थेट जून 2022 मध्ये. या बंधनावर टीका खूप झाली. मला त्यात जुनं शहाणपण दिसतं. नाणी कुंपणाबाहेर गेलीच नाहीत, तर खातं चोरीचं निघालं तरी माल जागेवरच असतो.

[पडद्यावर : मुंबई. मोबाइलवर यूपीआयनं पैसे जमा झाल्याचा संदेश.]

आता आपल्याकडे या. 6 एप्रिल 2018 ला रिझर्व्ह बँकेनं बँकांना क्रिप्टो व्यवहारांपासून दूर राहायला सांगितलं. त्याच वर्षी मुंबईच्या वझीरएक्स या क्रिप्टो एक्स्चेंजनं पी-टू-पी सेवा आणली : पैसे थेट माणसाकडून माणसाकडे, एक्स्चेंजच्या एस्क्रोत फक्त नाणी. सर्वोच्च न्यायालयानं ते परिपत्रक 4 मार्च 2020 ला रद्द केलं, पण पी-टू-पी टिकलं. एप्रिल 2022 मध्ये कॉइनबेस या अमेरिकी एक्स्चेंजनं भारतात यूपीआयवर खरेदी सुरू केली. आपल्याला अशा वापराची माहिती नाही, असं यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयनं त्याच दिवशी जाहीर केलं, आणि काही दिवसांत ती सोय बंद पडली. माणसं मात्र एकमेकांना यूपीआय करतच होती.

यूपीआयचे पैसे पेपॅलसारखे परत फिरत नाहीत, त्यामुळे पी-टू-पीवाले निर्धास्त होते. पैसे खात्यात दिसले की नाणी रिलीज करायची, पुढची ऑर्डर घ्यायची.

पण समजा, हैदराबादच्या एका निवृत्त गृहस्थाला ‘डिजिटल अरेस्ट’ची भीती घालून चार लाख उकळले. ते पैसे एका भाड्याच्या खात्यात गेले, तिथून दुसऱ्या, आणि तिथून पन्नास हजार नागपूरच्या एका मुलाच्या खात्यात. त्यानं त्या बदल्यात यूएसडीटी, म्हणजे डॉलरशी भाव बांधलेली क्रिप्टो नाणी, विकले. गृहस्थानं 1930 ला, सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन केला. आता बँका साखळी धरून पुढे पुढे जातात आणि पैसे जिथं जिथं पोचले तिथं लीन लावतात, म्हणजे ती रक्कम अडकवून ठेवतात. चोरीचा संशय असलेली मालमत्ता अडकवण्याचा पोलिसांचा अधिकार जुना आहे. पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम 102, जुलै 2024 पासून नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 106. नागपूरच्या मुलाला हे कळतं ते दुकानात क्यूआर स्कॅन करताना. बँक सांगते, तेलंगणाच्या सायबर पोलिसांचं पत्र आहे, तिकडे बोला. कित्येकदा अडतं ते फक्त पन्नास हजार नव्हे, अख्खं खातं; पगार, घराचा हप्ता, सगळं. 2023 मध्ये केरळ उच्च न्यायालयानं बँकांना बजावलं की पोलिसांनी सांगितलेल्या रकमेपुरतंच खातं अडवा.

चोर सोडून संन्याशाला फाशी, असं त्या मुलाला वाटलं तर नवल नाही. पण हैदराबादच्या गृहस्थाचंही काही चुकलेलं नाही. 2011 चंच भांडण हे, फक्त पेपॅलच्या जागी पोलीस ठाणं आलं. आणि पेपॅलचे 180 दिवस तरी मोजता येत होते.

आता जाणते विक्रेते जाहिरातीतच लिहितात : ‘थर्ड पार्टी पेमेंट चालणार नाही.’ खात्यावरचं नाव आणि केवायसीचं नाव जुळलंच पाहिजे. काही जण खरेदीदाराचं बँक स्टेटमेंट मागतात, व्हिडिओ कॉल करतात. सातोशीला नको होती तीच चौकशी ही. पण खातं भाड्यानं देणारा माणूस स्वतःचंच खातं देतो. नाव जुळतं, आधार जुळतं, व्हिडिओवर चेहराही तोच असतो. आणि पैसे तरीही दुसऱ्याचेच असतात.