कोर्ट बेंगळुरूचं, काका लालबागचे

नमस्कार श्रोतेहो. ऑनलाइन सेवा घेताना आपण 'आय अ‍ॅग्री'वर बोट टेकवतो आणि मोकळे होतो. त्या कराराच्या शेपटाकडे दोन कलमं असतात. एक सांगतं, कायदा कुठला लागणार. दुसरं सांगतं, तंटा कुठल्या गावच्या कोर्टात जाणार. दोन्ही वेगळी आहेत बरं का.

आमच्या लालबागच्या चाळीत एक काका आहेत, बेस्टमधून निवृत्त झालेले. नातवाला तबला शिकायचा म्हणून त्यांनी मोबाइलवरच्या एका शिकवणीचे वर्षाचे अठ्ठेचाळीसशे रुपये भरले. तीन धडे झाले, 'धा धिं धिं धा'पर्यंत गाडी आली आणि शिकवणी बंद! फोन कुणी उचलेना. काकांनी मग नाक्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडून अख्खा करार छापून आणला. बावीस पानं! चष्मा नाकावर, हातात लाल पेन्सिल, गॅलरीत बसून दोन दिवस वाचन. माझं मत विचाराल तर करार असाच, कागदावर वाचावा. मोबाइलवर कुणी वाचत नाही, लिहिणाऱ्यालाही ते ठाऊक असतं.

एकोणिसाव्या पानावर सापडलं: 'सर्व वाद फक्त बेंगळुरूच्या न्यायालयात.'

तिसऱ्या दिवशी बघतो तर काका पिशवी भरतायत.

"काका, कुठे निघालात?"

"बेंगळुरूला. कोर्टात. उद्यान एक्सप्रेसचं तिकीट काढलंय."

काकूंनी दशम्या बांधायला घेतलेल्या. मी म्हटलं, जाण्यायेण्यात, राहण्यात अठ्ठेचाळीसशे असेच उडतील. तर म्हणाले, "सही केलीय ना मी! म्हणजे केलीच." जुनी माणसं. आणि वर, "कर्जतला वडा तरी खाईन." आता कर्जतचा वडा पूर्वीसारखा राहिलेला नाही, पण तो विषय पुन्हा कधीतरी.

मी त्यांना खाली बसवलं. म्हटलं, काका, तुम्ही ग्राहक आहात. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्याचं कलम ३४ सांगतं की तुम्ही जिथे राहता, तिथल्या जिल्हा आयोगात, म्हणजे ग्राहकांच्या कोर्टात, तक्रार करता येते. पुन्हा सांगतो, तुम्ही जिथे राहता तिथे! १९८६च्या कायद्यात ही सोय नव्हती. तुमचा आयोग परळला. लालबागहून चालत जाल. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, आणि ई-जागृती या सरकारी पोर्टलवर घरबसल्याही तक्रार भरता येते.

काका बराच वेळ एकोणिसाव्या पानाकडे बघत राहिले. "मग हे छापलंय कशाला?"

कशाला म्हणजे, तुम्ही घाबरून गप्प बसावं म्हणून! अर्थात ते कलम अगदीच पोकळ नाही. दोन धंदेवाल्यांत ते चालतं. १९७१च्या हकम सिंग खटल्यात सुप्रीम कोर्टाने सांगितलं की मुळात अधिकार असलेल्या कोर्टांपैकी एक करारात ठरवता येतं. ज्याला अधिकारच नाही, त्याला करार करून अधिकार देता येत नाही. म्हणून दुकानासाठी, कंपनीसाठी सॉफ्टवेअर घेत असाल तर सही करण्याआधी ते पान बघाच. घरच्यासाठी घेतलंत, तर आयोग तुमच्या जिल्ह्यातला. परदेशी कंपनीने कॅलिफोर्नियाचा कायदा लिहिला म्हणून इथला ग्राहक कायदा आपोआप पुसला जात नाही. आधी १९१५ ही ग्राहक हेल्पलाइन फिरवून बघा.

काकांनी नोटीस पाठवली. खाली लाल पेन्सिलीने ठळक लिहिलं, 'मुक्काम लालबाग, आयोग परळ.' अकराव्या दिवशी पैसे खात्यात आले, एक शब्दही न बोलता.

उद्यानचं तिकीट रद्द केलं, त्यात मात्र थोडे पैसे कापले गेले. परवा जिन्यात भेटले, हातात तिकिटाची झेरॉक्स. म्हणाले, "यात कोर्ट कुठलं लिहिलंय, जरा वाचून सांग."