रोबॉट्स फाइलमध्ये अडवलेलं पान गूगलवर दिसतंच कसं?

नमस्कार मंडळी. आज खरं तर साइटच्या स्पीडवर बोलणार होते, पण कमेंट्स उघडल्या की तोच प्रश्न. "ताई, पान रोबॉट्स डॉट टीएक्सटीमध्ये डिसअलाऊ केलंय, तरी गूगलवर दिसतंय. गूगल ऐकत नाही का?" ऐकतं हो! शब्दशः ऐकतं, घोळ तिथेच आहे.

बेसिक पटकन उरकते. रोबॉट्स डॉट टीएक्सटी म्हणजे साइटच्या रूटमध्ये, म्हणजे सगळ्यात वरच्या फोल्डरमध्ये, ठेवलेली साधी टेक्स्ट फाइल. कल्पना 1994 सालची, मार्टाइन कोस्टर यांची. अधिकृत इंटरनेट मानक म्हणून लिहून निघाली थेट 2022 मध्ये. पानं वाचत फिरणाऱ्या गूगलच्या प्रोग्रामला, म्हणजे क्रॉलरला, ती "डिसअलाऊ" या ओळीतून एवढंच सांगते की हे पान उघडू नकोस. "शोधाच्या यादीत घेऊ नकोस" असं ती कुठेही म्हणत नाही. ते सांगतो नोइंडेक्स हा टॅग, आणि तो असतो पानाच्या आत, कोडच्या हेड भागात. झालं बेसिक.

आता नीट ऐका. तुम्ही पानावर नोइंडेक्स टाकला. वर "डबल सेफ्टी" म्हणून रोबॉट्समध्ये डिसअलाऊही टाकलं. म्हणजे दाराला कुलूप, आणि "इथे कोणी राहत नाही" ही पाटी आतल्या खोलीत! गूगल पान उघडतच नाही, मग नोइंडेक्स वाचणार कधी? पण बाहेरून कुणी त्या पानाला लिंक दिली असेल, तर पत्ता त्याला माहीत असतो. मग तो नुसता पत्ता यादीत येतो, खाली वर्णन नाही. सर्च कन्सोलमध्ये, म्हणजे साइटमालकांसाठीच्या गूगलच्या टूलमध्ये, "इंडेक्स्ड, दो ब्लॉक्ड बाय रोबॉट्स डॉट टीएक्सटी" (यादीत आहे, पण रोबॉट्सने अडवलंय) दिसलं, की समजायचं हेच झालंय.

"डबल सेफ्टी" हा शब्द ऐकला की माझं डोकं फिरतं. दोन उपाय एकत्र केले की दुप्पट परिणाम होतो, हे कुणी शिकवलं?

मालवणकडच्या एका होमस्टेवाल्या काकांचा किस्सा सांगते. त्यांच्या साइटवर जुन्या दरांची पीडीएफ पडून होती. पाहुणे फोन करायचे, "आठशेवाली खोली आहे ना?" साइट सांभाळणाऱ्या मुलाने आधी ती फाइल डिसअलाऊ केली, मग सर्व्हरवरून उडवली. तरी ती गूगलवर दिसतच होती. दुसऱ्या एका साइटने लिंक देताना आठशेचा दर लिहिला होता, तेच शब्द गूगलने शीर्षक म्हणून उचलले. क्लिक केलं की 404, म्हणजे "पान सापडलं नाही". पण फोन करणारा माणूस क्लिक कशाला करेल? त्याने दर वाचला, लावला फोन. काका म्हणाले, "गो, माका इंटरनेट नको, फोन बंद कर!"

इथे नोइंडेक्सचा संबंधच नव्हता, तरी भानगड तीच. फाइल गेली हे गूगलला कळायला त्याने तो पत्ता उघडून 404 बघायला हवा, आणि उघडायलाच बंदी. उपाय काय केला? डिसअलाऊची ओळ काढली. बस्स. गूगल आलं, 404 बघितलं, काही दिवसांनी नोंद गेली. आणि पीडीएफ ठेवायचीच असती तर? तिच्या आत नोइंडेक्सचा टॅग लिहिता येत नाही, तीच सूचना सर्व्हर फाइलसोबत पाठवतो त्या हेडरमधून, एक्स-रोबॉट्स-टॅग म्हणून पाठवावी लागते. तीही वाचायला दार उघडंच हवं.

रीडायरेक्टचंही तसंच. जुन्या पानावरून नव्याकडे 301, म्हणजे "पान कायमचं तिकडे हललंय" हा निरोप, लावलाय आणि जुनं पान अडवलंय? मग 301 दिसणार कुणाला? नोइंडेक्स, 404, 301, तिन्हींसाठी आधी दार उघडा.

एकाने लिहिलंय, "नोइंडेक्स सरळ रोबॉट्स फाइलमध्येच लिहितो." दादा, गूगलने ते 1 सप्टेंबर 2019 पासून मानणं बंद केलंय. तो जुना लेख कुठे वाचलात, ती टॅब बंद करा. दुसरे म्हणतात सर्च कन्सोलमधलं रिमूव्हल टूल वापरलं. चांगलं केलंत, पण ते साधारण सहा महिनेच लपवतं. तेवढ्यात खरा उपाय करायचा असतो. आणि ज्यांनी "गुप्त" फोल्डरची नावं रोबॉट्समध्ये लिहिलीत, त्यांना हात जोडून विनंती: ती फाइल कुणीही ब्राउझरमध्ये उघडून वाचू शकतो. गुपित असेल तर पासवर्ड लावा.

उलटी तक्रारही येते, "साइट गूगलवर येतच नाही." वर्डप्रेस असेल तर सेटिंग्समधलं रीडिंग उघडा आणि सर्च इंजिनांना मज्जाव करणारी टिक काढा. निम्मे जण तिथेच गप्प होतात.

आता अ‍ॅनालिटिक्स, थोडक्यात. "सर्च कन्सोलचे क्लिक आणि जीए फोरचे (गूगल अ‍ॅनालिटिक्स 4 चे) सेशन, म्हणजे साइटवरच्या भेटी, जुळत नाहीत." नाहीच जुळणार. एक गूगलच्या पानावरचा क्लिक मोजतं, दुसरं तुमच्या पानावर मोजणीचा कोड, म्हणजे टॅग, चालला तरच मोजतं. अ‍ॅड ब्लॉकर असला किंवा पान उघडायच्या आत माणूस मागे फिरला, की गेला आकडा. शिवाय सर्च कन्सोलच्या रोजच्या आकड्यांचा दिवस कॅलिफोर्नियाच्या घड्याळाने बदलतो, म्हणजे आपल्याकडे दुपारी साडेबारा किंवा दीडला. एकेका दिवसाचे आकडे शेजारी ठेवून भांडू नका, महिन्याचा कल बघा. आणि सेशन क्लिकपेक्षा भलतेच जास्त दिसले, तर टॅग दोनदा बसलाय का बघा, एकदा प्लगइनने आणि एकदा थीममध्ये.

अजून एक सेटिंग आत्ताच बदला: जीए फोरमध्ये डेटा रिटेन्शन, म्हणजे तपशीलवार डेटा किती काळ ठेवायचा ते, आपोआप 2 महिन्यांवर असतं, ते 14 करा. नाहीतर दिवाळीत मागच्या दिवाळीशी तुलना करायला एक्सप्लोरेशन (स्वतः बनवायचा तपशीलवार रिपोर्ट) उघडाल आणि पाटी कोरी.

तुमचं पान अडकलं असेल तर कमेंटमध्ये पत्ता टाका, सर्च कन्सोलमध्ये नेमकं काय लिहून आलंय तेही टाका. अ‍ॅडमिनचा पासवर्ड टाकू नका. गेल्या वेळी एकाने टाकला होता, मी कमेंट डिलीट केली. दादा, बघत असाल तर बदला तो.