कोलंबिया यानातली टेप

रामराम मंडळी. काटोल-वरूडकडच्या संत्रा बागांत मातीची ओल सांगणारे सेन्सर आले आहेत, तेव्हा सेन्सर म्हणजे काय हे तुम्हाला सांगत बसत नाही. आज बोलायचंय विमानाच्या, अंतराळयानाच्या अंगात बसवलेल्या सेन्सरबद्दल.

बाजारात माठ घेताना आपण वाजवून बघतो. खणखणीत वाजला तर घेतो, बद्द वाजला तर ठेवून देतो. विमानाच्या पत्र्याचंही तसंच. एक चकती पत्र्यात थरथर सोडते, पलीकडची ती ऐकते. मध्ये भेग असली तर थरथर बदलून पोचते. चकती पिझो स्फटिकाची. गॅसच्या लायटरमध्ये खटका दाबला की ठिणगी पाडतो ना, त्याच जातीचा. दाबला की वीज, वीज दिली की थरथर. शिवाय पत्र्यावरचा ताण मोजायला स्ट्रेन गेजच्या पट्ट्या असतात. एवढं पुरे.

आता मला खरं सांगायचंय ते. कल्पना चावला तुम्हाला माहीत आहे, हरियाणातल्या कर्नालची लेक. १६ जानेवारी २००३ ला ती कोलंबिया यानातून निघाली. उड्डाणानंतर ८२ सेकंदांनी इंधनाच्या मोठ्या टाकीवरचा फोमचा तुकडा सुटला आणि डाव्या पंखाच्या पुढच्या कडेवर आदळला. दुसऱ्या दिवशी तो चित्रफितीत दिसलाही. पंखाला भोक पडलंय का, हे मात्र कोणी सांगू शकेना. काही इंजिनिअरांनी अवकाशातल्या यानाचे फोटो मागितले, ते काढले गेले नाहीत. १ फेब्रुवारीला परतताना यान टेक्सासवर तुटलं. सातही जण गेले.

मग हजारो माणसं रानोमाळ अवशेष शोधत फिरली. १९ मार्चला हेम्फिल गावाजवळ एक पेटी सापडली. आत टेप होती आणि ती शाबूत होती. कोलंबिया हे अवकाशात गेलेलं पहिलं शटल, म्हणजे पुन्हा पुन्हा वापरायचं यान, १९८१ चं, म्हणून चाचणीसाठी त्यात जास्तीचे सेन्सर लावलेले होते. पण त्यांची नोंद फक्त टेपवर व्हायची, जमिनीवर येत नव्हती. नीट ऐका मंडळी, जमिनीवर येत नव्हती. टेप वाजवली तेव्हा दिसलं, की डाव्या पंखातल्या ताणाच्या पट्टीनं परतीच्या वाटेवर बिघाड टिपला होता. खालच्या माणसांना पहिली शंका आली, त्याच्या ५ मिनिटांहून जास्त आधी!

त्या ५ मिनिटांनी कोणी वाचलं नसतं, हे मला ठाऊक आहे. पण फोम आदळला त्याच घडीला कोणी खबर दिली असती तर हाताशी १६ दिवस होते. १६ दिवस, मंडळी.

आपल्याकडे पूल झाला की उद्घाटनाच्या पाटीवर नावांची रांग लागते. दरवर्षी पुलाखाली उतरून भेगा बघणाऱ्याचं नाव मी एकाही पाटीवर वाचलेलं नाही. त्याचंही लागलं पाहिजे, असं माझं ठाम मत आहे. असो.

२००५ मध्ये शटल पुन्हा उडाली तेव्हा दोन्ही पंखांच्या कडेमागे धक्का टिपणारे सेन्सर बसवले होते. त्यांची नोंद प्रवास चालू असतानाच खाली यायची. सेन्सर तेव्हाही होते, आताही होते. फरक एवढाच, की आता खाली कोणीतरी ऐकत होतं.

नागपूरला मिहानमध्ये विमानं तपासणीला येतात. सेन्सर आले तरी पंखावर हात फिरवून बघणारा माणूस तिथं लागतोच. आयटीआयतल्या पोरा-पोरींनो, वस्तू न फोडता तिच्यातली भेग शोधायची विद्या आहे, तिला एनडीटी म्हणतात. तिची चौकशी आपल्या मास्तरांकडे याच आठवड्यात करा.