पंचाने काय तपासावे : लिहून खेळायच्या राष्ट्रखेळांचे नियम

मित्रहो,

तुमच्यापैकी बरेच जण आज तयारीनेच आला आहात. कुणी नकाशा काढला आहे, कुणी एक्सेलमध्ये प्रांतांचे उत्पन्न भरून ठेवले आहे, आणि पंधरा-वीस खेळाडू जमले की ऑनलाइन खेळ सुरू करायचा आहे. प्रत्येकाने एक राष्ट्र घ्यायचे, कारभार बघायचा, शेजाऱ्यांशी तह करायचे, लढायचे, आणि हे सगळे लिहून. अशा खेळाचे नियम कसे बांधावेत, एवढ्यावरच मी बोलणार आहे. माझे म्हणणे आधीच सांगून टाकतो. खेळाडूने काय केले ते नियमाने मोजावे. त्याच्या मनात काय होते, त्याची बाजू न्यायाची होती की नव्हती, याचा निवाडा करायला नियमाने बसू नये. ऐकायला सोपे वाटते, पण खेळ फिसकटतात ते बहुतेक वेळा इथेच.

आधी पंचाचे बघू. प्रशियाच्या सैन्यात 1824 साली राइसविट्झ नावाच्या तरुण लेफ्टनंटाने युद्धखेळाचे नियम छापले. नकाशा 1:8000 प्रमाणाचा, एक डाव म्हणजे लढाईतली दोन मिनिटे. दोन्ही बाजूंनी हुकूम कागदावर लिहून पंचाकडे द्यायचे आणि कुणाचे किती नुकसान झाले ते फासे आणि कोष्टके ठरवणार. पुढे लोक त्या कोष्टकांना कंटाळले. 1876 मध्ये व्हेर्डी द्यू व्हेर्नुआ या अधिकाऱ्याने ती बाजूला ठेवून निकाल सरळ पंचाच्या अनुभवावर सोपवला. सैन्यात ते निभले, कारण तिथला पंच मुरलेला वरिष्ठ अधिकारी असायचा. आपला पंच कोण असतो? आपल्यातलाच एक जण. मागच्या खेळात तो तुमचा मित्रराष्ट्र होता, पुढच्या खेळात तुमच्यावर चालून येणार आहे. त्याने ‘मला असे वाटते’ म्हणून दिलेला निकाल हरलेला खेळाडू एकदा ऐकून घेईल, दुसऱ्यांदा नाही. म्हणून पंचाच्या हातात मोजण्याचे काम द्या आणि मत देण्याचे काम जितके कमी करता येईल तितके करा.

हे सर्वांत चोख साधले ते डिप्लोमसी या खेळाने. ॲलन कॅल्हॅमर या अमेरिकन माणसाने तो 1954 मध्ये रचला आणि 1959 मध्ये पदरचे पैसे घालून 500 प्रती काढल्या. 1963 पासून लोक तो पोस्टाने खेळू लागले, म्हणजे आपण आज करतो ते सगळे तेव्हा पाकिटे आणि तिकिटे लावून चालायचे. 1901 सालचा युरोप, सात सत्ता, 34 रसद-केंद्रे. 18 केंद्रे हाती आली की जिंकलात. फासा नाही. सगळ्यांचे हुकूम लिहून तयार झाले की एकदम उघडायचे. सैन्य असो वा आरमार, प्रत्येक तुकडीचे बळ एकच.

एक चाल नीट बघू. फ्रान्सचे पॅरिसमधले सैन्य बर्गंडीत शिरू पाहते. त्याच वेळी जर्मनीचे म्युनिकमधले सैन्यही बर्गंडीकडे निघते. एकास एक, म्हणून दोघेही जागच्या जागी राहतात, बर्गंडी रिकामी. आता फ्रान्सने मार्सेयमधल्या सैन्याला ‘पॅरिसच्या चालीला पाठबळ दे’ असा हुकूम लिहिला असेल तर दोनास एक होतात आणि बर्गंडी फ्रान्सची. जर्मनीने रूरमधून पाठबळ दिले की पुन्हा दोनास दोन, पुन्हा कोंडी. आणि इटलीने पीडमाँटमधून मार्सेयवर नुसता हल्ला केला, तो फसला तरी, मार्सेयचे पाठबळ तुटते. एवढ्या पाच-सहा हुकमांचा निकाल शाळकरी मुलगाही लावू शकतो. दोन पंचांना वेगवेगळ्या खोल्यांत बसवा, उत्तर एकच येईल.

आता गंमत अशी की पीडमाँट रिकामे ठेवीन असा शब्द इटलीने फ्रान्सला दिला होता. त्या शब्दाबद्दल नियमपुस्तक अवाक्षर काढत नाही. तह मोडल्याला दंड नाही, पंचाकडे तक्रार नाही. फ्रान्सला राग आला असेल तर त्याने पुढच्या डावाआधी ऑस्ट्रियाशी बोलावे. मैत्री करा असेही नियम कुठे सांगत नाही. फक्त बळ सारखे ठेवून अशी व्यवस्था करून ठेवतो की शेजाऱ्याच्या पाठबळाशिवाय कुणाला फार पुढे जाता येत नाही. बोलणी, आर्जवे, दगाफटका हे सगळे त्या साध्या बेरजेतून येते. मला हा खेळ फार मोठा वाटतो तो यासाठी. तुमच्यापैकी काहींच्या मसुद्यात ‘तह मोडल्यास प्रतिष्ठेचे 10 गुण वजा’ असले कलम असणार. ते काढून टाका. ते आले की तह खरोखर मोडला का, आधी समोरच्यानेच मोडला होता का, ‘मदत करीन’ म्हणजे सैन्य की पैसा, हे सगळे पंचाच्या गळ्यात पडते, आणि खेळाडूंनी आपसात मिटवायचे भांडण पंचाशी होऊ लागते.

इतक्या नेटक्या खेळातही भोक राहिलेच होते. फ्रान्सचे आरमार इंग्लिश खाडीत आहे आणि ब्रेस्टमधले सैन्य लंडनला उतरवते आहे. इंग्लंडचे वेल्समधले आरमार त्या खाडीवर हल्ला करते आणि लंडनमधले आरमार त्याला पाठबळ देते. सैन्य लंडनला पोचले तर लंडनचे पाठबळ तुटते आणि खाडीतले आरमार वाचते. पण ते पाठबळ टिकले तर आरमार हटते, आणि मग सैन्य पोचतच नाही. आधी काय धरायचे? 1971 च्या नियमपुस्तकात यावर एक ओळ आली: पलीकडे नेले जाणारे सैन्य, आपल्याला नेणाऱ्या आरमारावरच्या हल्ल्याचे पाठबळ तोडू शकत नाही. त्यानंतरही काही जास्त गुंतागुंतीच्या जागा उरल्या आणि संगणकावर निकाल लावणाऱ्यांना आणखी संकेत ठरवावे लागले. तेव्हा तुमच्या नियमात अशी फट निघणार हे धरून चाला. ‘नियमात उत्तर नसेल तर ती चाल झालीच नाही असे मानावे’ एवढी ओळ पहिल्याच पानावर असू द्या.

आता दुसरे उदाहरण, जिथे हेतू तपासण्याचा प्रयोग झाला आणि सोडून द्यावा लागला. नेशनस्टेट्स हा वेबवरचा खेळ 2002 पासून चालू आहे. तिथे तुम्ही एक राष्ट्र काढता, राष्ट्रे मिळून प्रदेश होतात, आणि ज्याला सर्वाधिक सदस्य-राष्ट्रांचा पाठिंबा तो त्या प्रदेशाचा प्रतिनिधी. प्रतिनिधीला इतरांना प्रदेशातून हाकलता येत असे. नियम करणाऱ्याच्या डोक्यात निवडणूक होती. खेळाडूंना त्यात आक्रमण दिसले. टोळीने एखाद्या प्रदेशात शिरायचे, आपल्याच माणसाला पाठिंबा द्यायचा, सत्ता घ्यायची आणि मूळच्या लोकांना बाहेर काढायचे. मग मॉडरेटरांना ठरवत बसावे लागले: मूळचा रहिवासी कोण, घुसखोर कोण, किती जणांना हाकलले म्हणजे अति झाले. अशा प्रश्नांना शेवट नसतो. 2006 मध्ये त्यांनी वाट बदलली. ‘प्रभाव’ नावाचा एक आकडा आणला. प्रदेशात जितका काळ राहाल आणि जितका पाठिंबा मिळवाल तितका तो वाढतो, आणि कुणाला हाकलायचे तर समोरच्याच्या प्रभावाच्या हिशेबात तुमचा प्रभाव खर्च होतो. जुना रहिवासी हाकलायला महाग पडू लागला, कालचा पाहुणा स्वस्त. आक्रमणे थांबली नाहीत, थांबवायचीही नव्हती, पण रहिवासी कोण हे ठरवण्याचा भार माणसावरून उतरला.

वाढीबद्दल थोडे. राष्ट्र उभारायच्या खेळात पैशातून पैसा होतो, आणि सहाव्या डावात जो पुढे आहे तो विसाव्या डावात आवाक्याबाहेर गेलेला असतो. सायबर नेशन्स या 2006 मध्ये सुरू झालेल्या खेळात तंत्रज्ञान विकत घेण्याचा दर राष्ट्र मोठे होईल तसा चढत जाई. त्यामुळे थोरली राष्ट्रे नवख्यांना पैसे देत आणि बदल्यात त्यांच्याकडून स्वस्तात घेतलेले तंत्रज्ञान मागवत. नवख्याची कुणाला तरी गरज राहिली. ‘नव्यांना सांभाळून घ्या’ असे आवाहन न करता एका चढत्या दराने ते केले.

दुसरा इलाज त्याहून जुना आहे. 1957-58 मध्ये अमेरिकेतल्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात हॅरोल्ड गेट्झकाउ यांनी आंतरराष्ट्रीय संबंधांचा एक नकली खेळ मांडला. अर्थकारणाचे सूत्र आधीच बांधलेले, वाटाघाटी मात्र खेळणाऱ्यांवर सोपवलेल्या. राष्ट्राची साधने तीन ठिकाणी वाटायची: उत्पादनाची मूळ क्षमता, लष्कर, आणि जनतेचा उपभोग. उपभोगात हात आखडता घेतला की सत्तेवर टिकून राहण्याची शक्यता घसरे. म्हणजे साम्राज्य वाढवणाऱ्याला घरचे लोकही सांभाळावे लागत. आपल्या खेळांत प्रजा नावाची गोष्टच नसते, म्हणून जो तो सगळा पैसा सैन्यात घालतो.

आता तुमच्यातल्या ज्यांनी अठराव्या शतकातल्या दख्खनवर खेळ करायला घेतला आहे त्यांच्याशी जरा निवांत बोलायचे आहे, कारण मला तो विषय फार जवळचा आहे. तुमच्या नकाशात प्रत्येक परगण्याला एकच रंग आहे. युरोपच्या नकाशावरून ती सवय लागली आहे, आणि दख्खनला ती लागू पडत नाही. 1719 मध्ये बाळाजी विश्वनाथ दिल्लीहून दक्षिणेच्या सहा सुभ्यांच्या चौथाईच्या आणि सरदेशमुखीच्या सनदा घेऊन आले. तेव्हापासून एकाच जमिनीवर दोन हक्क. कारभार मोगल सुभेदाराचा, म्हणजे पुढे निजामाचा, आणि वसुलात छत्रपतींचा वाटा. परगण्याचा महसूल 100 धरला तर खेळापुरते चौथाईचे 25 आणि सरदेशमुखीचे 10 असे 35 साताऱ्याकडे, 65 औरंगाबादेकडे. एका रंगात हे मावणार नाही. प्रत्येक परगण्यापुढे दोन रकाने करा.

मग प्रश्न येतो, वाटा मिळणार कसा? सनद आहे म्हणून आपोआप वळता करायचा? तसे केलेत तर खेळ तिथेच संपला. इतिहासात काय झाले बघा. 1727 च्या सुमारास निजामाने हा वाटा अडवला. कारण असे दिले की खरा छत्रपती कोण, साताऱ्याचे शाहू की कोल्हापूरचे संभाजी, हे आधी ठरू द्या. आता कल्पना करा, तुमचा निजाम हेच पत्र पंचाला लिहितो. पंचाने काय करायचे? वंशावळी काढायच्या? अजिबात नाही. नियम असा हवा: ज्याचा कमाविसदार, म्हणजे वसुली करणारा अधिकारी, त्या परगण्यात पावसाळ्यानंतर हजर, त्याला वाटा. कमाविसदार ही नकाशावरची एक सोंगटी. तिला हाकलता येते, परत बसवता येते, आणि ती तिथे आहे की नाही हे कुणालाही दिसते. खरा धनी कोण यावर निजामाने, शाहूंनी आणि संभाजींनी खुशाल एकमेकांना खलिते धाडावेत. तेच तर खेळायचे आहे. पालखेडला निजामाची कोंडी झाल्यावर 1728 मध्ये मुंगी-शेवगावचा तह झाला, त्यात हक्क मान्य करून घेण्याबरोबरच कमाविसदार पुन्हा बसवण्याचे कलम होते. बाजीरावांनाही नुसत्या मान्यतेवर भागवता आले नव्हते.

ऋतू याच खेळात सहज बसतात. दसऱ्यानंतर मोहिमेचे डाव, पावसाळ्यात चाल बंद आणि फक्त भरती व वसुली. खेळाडूंनाही वर्षातून एकदा श्वास घ्यायला मिळतो.

वेळेचा नियम मात्र ढिला ठेवू नका. हुकूम रविवारी रात्री 9 पर्यंत म्हणजे 9 पर्यंत, नाही आले तर तुकड्या जागच्या जागी. डिप्लोमसीत हेच आहे. नेशनस्टेट्समध्ये 28 दिवस फिरकला नाहीत तर राष्ट्र नकाशावरून जाते, सुट्टीची नोंद केली असेल तर 60 दिवस मिळतात. कारण विचारत नाहीत. कुणाची परीक्षा होती, कुणाचे नेट गेले होते, हे पंच ऐकत बसला की ज्याला कारण चांगले सांगता येते त्याचे फावते. सुट्टी आधी कळवायची सोय सगळ्यांना सारखी द्या आणि तिथे थांबा.

मध्येच नियम बदलावे लागले तर? पीटर सूबर या तत्त्वज्ञाने 1982 मध्ये प्रसिद्ध केलेल्या नॉमिक या खेळात नियम बदलणे हीच चाल आहे, आणि तिथेही बदल मागच्या तारखेपासून लागू होत नाही. तेवढे कलम उचला.

राहिला शेवट. दख्खनचा खेळ 1740 ला थांबवायचे तुमच्यापैकी काहींनी ठरवले आहे, बाजीरावांच्या निधनाचे वर्ष म्हणून. साल योग्य आहे, पण ते जाहीर असले तर 1739 च्या अखेरीस प्रत्येक जण मित्रावर उलटेल, कारण पुढे हिशेब चुकता करायला डावच नाही. म्हणून 1740 ही कमाल मर्यादा ठेवा आणि 1736 पासून प्रत्येक पावसाळ्याअखेर खेळ संपण्याची शक्यता ठेवा. फासा पंचाच्या घरी टाकू नका, तो कुणाला दिसणार नाही. आठवडाभर आधी तारीख जाहीर करा आणि त्या दिवशी सेन्सेक्स ज्या आकड्यावर बंद होईल त्याचा दशांशचिन्हानंतरचा शेवटचा अंक घ्या. 0 किंवा 1 आला तर खेळ संपला. इतर काही आला तर दसऱ्यानंतरचे हुकूम मागवायला लागा.